गिऱ्हाईक मोबाइलवर शोधतंय : कोल्हापूरच्या व्यावसायिकांनी सोशल मीडिया कसा वापरावा

अंबाबाईचं दर्शन घेऊन महाद्वार रोडला बाहेर पडलेला पुण्या-मुंबईचा माणूस रिकाम्या हातानं घरी जात नाही. चप्पल, साज, गूळ, मसाला, काहीतरी घेतोच. चार-सहा महिन्यांनी त्याच्या मेहुण्याला तशीच चप्पल हवी असते. पिशवीवरचं नाव आठवत नाही, पिशवी केव्हाच कचऱ्यात गेलेली. मग तो मोबाइलवर ‘कोल्हापुरी चप्पल’ असं टाकतो आणि जो वर दिसेल त्याच्याकडून मागवतो. तो विक्रेता कोल्हापूरचा असेलच असं नाही. माल तरी कोल्हापूरचा असेल, याचीही खात्री नाही.

कोल्हापूर या नावाला जाहिरात लागत नाही. इथल्या गुळाला २०१४ मध्ये आणि चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. लोकांना नाव माहीत आहे, वस्तू हवी आहे, फक्त त्या नावापासून तुमच्या दुकानाच्या दारापर्यंत यायची वाट त्यांना सापडत नाही. सोशल मीडियाचा व्यवसायाला खरा उपयोग आहे तो ही वाट बांधण्यासाठी. लाईक किती आले, फॉलोअर किती वाढले, हे त्यातलं सगळ्यात कमी महत्त्वाचं.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि त्यात कोल्हापूरचा उल्लेखही नव्हता. सोशल मीडियावर टीकेची झोड उठली, तेव्हा कंपनीला त्यामागची प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं मान्य करावं लागलं. त्या दिवसांत कोल्हापुरीची चर्चा देशभर चालली होती. अशा वेळी फायदा होतो तो ज्याचं खातं आधीपासून नीट चालू आहे, त्याचा. चर्चा सुरू झाल्यावर खातं उघडायला बसणारा मागेच राहतो.

आधी ठरवा : तुमचं गिऱ्हाईक नेमकं कोण?

‘सगळीकडे असायला पाहिजे’ म्हणून फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, लिंक्डइन अशी सगळी खाती एका दिवसात उघडणारे पुष्कळ भेटतात. महिन्याभरात ती सगळी ओस पडतात. दोन वर्षांपूर्वीची शेवटची पोस्ट दिसली, की गिऱ्हाइकाला वाटतं दुकान बंद झालं. त्यापेक्षा खातं नसलेलं बरं.

तुमचं गिऱ्हाईक रोजचं, गावातलं असेल, म्हणजे राजारामपुरीत टेलरिंगचं दुकान, शाहूपुरीत हार्डवेअर, रंकाळ्याजवळ मिसळ, तर तुम्हाला गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल आणि व्हॉट्सॲप एवढं पुरतं. वर फेसबुक पेज असेल तर उत्तम, कारण चाळिशीच्या पुढचा वर्ग अजून तिथं वाचतो, कमेंट करतो, शेअर करतो.

गिऱ्हाईक बाहेरगावचं आणि किरकोळ असेल, म्हणजे चप्पल, साज, गूळ, कांदा-लसूण मसाला, भडंग, तर इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही जोडी. इन्स्टाग्रामवर तो तुम्हाला बघतो, व्यवहार व्हॉट्सॲपवर होतो.

आणि गिऱ्हाईक म्हणजे दुसरा कारखानदार किंवा व्यापारी असेल, जसं शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना), इचलकरंजीचं कापड, हुपरीची घाऊक चांदी, तर वाट वेगळी आहे. तिकडे पुढे येतोच.

गूगलवर दुकानाची नोंद : पहिलं काम

याला सोशल मीडिया म्हणावं की नाही यावर वाद घालता येईल, पण सुरुवात इथूनच करा. ‘जवळचं चपलेचं दुकान’ असं शोधणारा माणूस त्याच क्षणी खरेदीच्या तयारीत असतो. असा दुसरा कुणी तुम्हाला शोधून सापडणार नाही.

नोंद फुकट होते. दुकानाचं नाव पाटीवर आहे तेच लिहा, त्यात ‘बेस्ट कोल्हापुरी चप्पल होलसेल’ असली शेपटं जोडू नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही. पडताळणीसाठी हल्ली बऱ्याचदा व्हिडिओ मागतात. रस्ता, पाटी आणि दुकानाचं आतलं दृश्य एका सलग चित्रणात दाखवायचं असतं. वेळा खऱ्या लिहा. दुपारी एक ते चार बंद ठेवत असाल तर तसं नोंदवा. जोतिबाच्या चैत्र यात्रेला किंवा नवरात्रात वेळ बदलत असेल तर ‘विशेष वेळा’ भरा. लांबून आलेल्या कुटुंबाला बंद शटर दिसलं, की त्याचा राग नंतर एका ताऱ्याच्या अभिप्रायात उतरतो.

अभिप्राय मागायला लाजू नका. बिल देताना ‘दादा, चप्पल आवडली तर गूगलवर दोन ओळी लिहा’ एवढं म्हणायचं, काउंटरवर क्यूआर कोड ठेवायचा. मात्र अभिप्रायाच्या बदल्यात सूट देऊ नका, विकत तर अजिबात घेऊ नका. दोन्ही गोष्टी नियमाबाहेरच्या आहेत, शिवाय खोटे अभिप्राय वाचणाऱ्याला लगेच कळतात. सगळे एकाच आठवड्यातले आणि सगळ्यांची भाषा एक.

व्हॉट्सॲप बिझनेस : तुमचा खरा गल्ला

साधं व्हॉट्सॲप आणि व्हॉट्सॲप बिझनेस ही दोन वेगळी ॲप आहेत. बिझनेसचं ॲपही फुकट आहे. त्यासाठी वेगळं सिम घ्या. घरचे ग्रुप आणि गिऱ्हाइकांचे निरोप एकाच फोनवर आले, की ऑर्डर हरवतात.

ॲप चढवल्यावर पहिल्याच बैठकीत कॅटलॉग भरा. प्रत्येक वस्तूचा फोटो, नाव, किंमत आणि दोन ओळी. सुरुवातीला तुमच्या दुकानात सगळ्यात जास्त खपणाऱ्या दहा-पंधरा वस्तू पुरे. चपलेचं लिहाल तर ‘जेन्ट्स चप्पल, ब्राउन’ एवढ्यावर थांबू नका. कापशी आहे, कुरुंदवाडी आहे की पुकरी, चामडं कशाचं, तळ किती थरांचा, कान आणि वेणी कशी, हाताची शिलाई चामड्याच्या वादीनं केली आहे का, हे लिहा. बाहेरच्या माणसाला ही नावं माहीत नसतात, म्हणूनच ती लिहायची. ज्याला फरक कळतो तो भाव पाडून मागत नाही.

दुसरं काम झटपट उत्तरांचं. रोज तेच पाच-सहा प्रश्न येतात : किंमत काय, पार्सल पाठवता का, किती दिवस लागतील, माप कसं द्यायचं, दुकान कुठं आहे. प्रत्येकाचं नीट उत्तर एकदा लिहून साठवून ठेवा, मग दोन अक्षरं टाइप करून ते पाठवता येतं. पण ते लिहिताना सरकारी पत्राची भाषा नको. ‘आपल्या चौकशीबद्दल आभारी आहोत, आमचे प्रतिनिधी लवकरच संपर्क साधतील’ हे वाचून कुणालाही कोल्हापूर आठवत नाही. असं लिहा :

‘नमस्कार, रामराम! चप्पल पार्सलनं पाठवतो. कोऱ्या कागदावर उभं राहून पायाभोवती पेन्सिलनं रेघ मारा, टाच ते अंगठा लांबी सेंटीमीटरमध्ये मोजा आणि कागदाचा फोटो पाठवा. माप बसतंय का ते बघून लगेच सांगतो.’

ही पायाच्या आखणीची पद्धत खरंच वापरा. बुटाचा नंबर कंपनीगणिक बदलतो. कोल्हापुरी चप्पल नवीन असताना घट्ट असते, वापरून सैल होते, आणि हे माहीत नसलेलं गिऱ्हाईक पहिल्या दिवशीच परत पाठवायला निघतं. तेही त्याच निरोपात सांगून टाका.

तिसरं काम लेबलांचं. ‘नवी चौकशी’, ‘पैसे यायचे’, ‘पार्सल गेलं’, ‘परत विचारा’ अशी लेबलं लावली, की संध्याकाळी कुणाला काय द्यायचं राहिलं ते एका नजरेत दिसतं.

ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय. तिच्याबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. एका यादीत २५६ जण बसतात, पण निरोप पोहोचतो तो फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच. म्हणून पार्सलमध्ये छोटी चिठ्ठी टाका : ‘आमचा नंबर दुकानाच्या नावानं सेव्ह करा, नवा माल आला की कळवू.’ आणि रोज ‘शुभ सकाळ’ पाठवू नका. महिन्यातून दोनदा, खरंच काही नवं असेल तेव्हाच. लोक एकदा ब्लॉक करून बसले, की पुन्हा त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नाही.

स्टेटस मात्र रोज ठेवा. चोवीस तासांत ते आपोआप जातं, कुणाला त्रास होत नाही. आणि जुनं गिऱ्हाईक ते बघतंच. गुजरीतल्या सराफानं रोज सकाळी सोन्या-चांदीचा दर स्टेटसला टाकला, तर दर बघायला म्हणून माणूस रोज येतो आणि त्याखालचा नवा दागिनाही बघतो.

दाखवायचं काय? काम दाखवा

‘काय पोस्ट करावं सुचत नाही’ अशी तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. कोल्हापूरच्या माणसानं तरी ही तक्रार करू नये असं मला मनापासून वाटतं. इथं वस्तू बनताना बघायला मिळतात. मोठ्या शहरातल्या दुकानदाराकडे खोक्यातून आलेला माल असतो. तुमच्याकडे हात आहेत, भट्टी आहे, काहिल आहे.

चपलेचं घ्या. चामडं कापणं, तळाचे थर ठोकून बसवणं, वेणी विणणं, वादीनं शिवणं, कान लावणं. यातल्या प्रत्येकाचा अर्ध्या मिनिटाचा उभा व्हिडिओ होतो. खिडकीच्या उजेडात, फोन स्टुलावर टेकवून, कारागिराच्या हातांवर रोख ठेवून काढा. त्यावर सिनेमाचं गाणं चढवू नका. बिझनेस खात्याला गाण्यांचे हक्क मर्यादित असतात, आवाज काढून टाकला जाऊ शकतो. हातोडीचा ठोका आणि नव्या चपलेची करकर यांहून चांगला आवाज कुठला मिळणार? कारागिराचं नाव सांगा, त्यांची परवानगी घ्या, आणि व्हिडिओमुळे विक्री वाढली तर त्यांच्या मजुरीतही ते दिसू द्या. सुभाषनगर-जवाहरनगरातल्या ज्या हातांनी चप्पल घडते, ते हात नुसते दाखवण्यापुरते वापरणं मला पटत नाही.

चपलेवर जीआयचं चिन्ह टाकायचं असेल, तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या. मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे येतात, पण तिथं राहतो म्हणून कुणालाही शिक्का वापरता येत नाही. नोंदणी झाली, की मात्र ते प्रमाणपत्र ठळकपणे दाखवा.

गुऱ्हाळवाल्यांकडे तर चार-पाच महिन्यांचा मजकूर तयार असतो. चुलवाणात चिपाड सारणारा माणूस, काहिलीत उकळणारा रस, भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून वर आलेली मळी काढणं, गुळव्यानं पाकाचा अंदाज घेणं, साच्यात ओतणं. आणि यातून एक मोठा गैरसमजही दूर करता येतो. शहरातल्या गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ चांगला वाटतो. तो रंग अनेकदा हायड्रोस या रासायनिक पावडरीनं आणलेला असतो. काही न घातलेला गूळ तांबूस, काळपट दिसतो. हे एका व्हिडिओत, दोन ढेपा शेजारी ठेवून, शांतपणे समजावून सांगा. पुढच्या वेळी तोच माणूस ‘काळा गूळ आहे का’ म्हणून विचारत येईल आणि चार रुपये जास्त देईल.

साज बनवणाऱ्यांसाठी एक कल्पना. पारंपरिक कोल्हापुरी साजात २१ पानं मोजतात. त्यात दशावताराची १०, अष्टमंगलाची ८ आणि बाकीची माणिक, पाचू व ताईत यांची. एकेका पानावर एकेक छोटी पोस्ट केली, तर कित्येक आठवडे पुरेल एवढा मजकूर होतो आणि दुसऱ्या कुठल्या शहराच्या सराफाला तो जमणार नाही. सोबत हॉलमार्क कसा ओळखायचा तेही दाखवा. १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या हॉलमार्क दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, सक्तीचा आहे. तो कुठे कोरलेला असतो हे भिंगातून दाखवणारा सराफ आपोआप विश्वासाचा ठरतो.

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या हॉटेलांना फार सांगायची गरज नाही, वाफाळती वाटी स्वतःच बोलते. फक्त ताटाची किंमत, पार्किंग आहे का, आणि रविवारी किती वाजता मटण संपतं, हे लिहा. दुरून येणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

भाषा मराठीच ठेवा. बाहेरच्यांसाठी खाली एक ओळ हिंदीत टाकली तर चालेल. पण ‘नाद खुळा’, ‘जगात भारी’ हे शब्द प्रत्येक पोस्टला चिकटवू नका. ते कोल्हापूरचे आहेत म्हणूनच जपून वापरायचे.

किंमत लिहा

‘किंमत इनबॉक्समध्ये विचारा’ ही सवय सोडा. गिऱ्हाइकाला वाटतं, माझं तोंड बघून भाव सांगणार. दहातले बरेच जण विचारायच्या भानगडीत न पडता पुढे सरकतात. आणि जे विचारतात त्यांना उत्तर देण्यात तुमची दुपार जाते. शेजारचा दुकानदार भाव बघेल ही भीती असते, पण त्याला तुमचा भाव आधीच माहीत आहे. किंमत, पार्सलचा खर्च वेगळा की धरून, आणि किती दिवस लागतील, एवढं पोस्टखालीच लिहिलं, की जे विचारायला येतात ते घ्यायलाच येतात. दागिन्यांचा दर रोज बदलतो, तिथं ‘आजच्या दरानं, मजुरी इतकी’ असं लिहा.

पैसे, पार्सल आणि कागद

ओळख नसलेल्या गिऱ्हाइकाकडून आधी पैसे घ्या, निदान अर्धे. यूपीआय चालतंच. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट दाखवला म्हणून माल सोडू नका, आपल्या बँकेच्या खात्यात जमा दिसले का ते बघा. खोटे स्क्रीनशॉट बनवणारी ॲप मिळतात.

‘मी आर्मीतून बोलतोय, पन्नास जोड पाहिजेत, पैसे पाठवण्यासाठी हा कोड स्कॅन करा’ असा फोन आला, तर तिथंच ठेवून द्या. पैसे घ्यायला कधीही कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआयचा पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. दुकानात काम करणाऱ्या पोरांना हे तोंडपाठ करून ठेवा. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

पार्सल बांधताना चाळीस-पन्नास सेकंदांचं चित्रण करून ठेवा. माल, नाव-पत्ता आणि चिकटवलेली पट्टी, सगळं दिसू द्या. ‘दोन्ही डाव्याच आल्या’ अशी तक्रार आली, तर वाद घालण्याऐवजी व्हिडिओ बघून मिनिटात निकाल लागतो. आणि चूक आपली असेल तर परतीचा खर्च आपण द्यायचा.

मसाला, भडंग, लोणचं, गूळ विकणाऱ्यांना, घरून विकणाऱ्या ताई-वहिनींनाही, एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते. तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापा आणि इन्स्टाग्रामच्या माहितीतही द्या. राज्याबाहेर माल जाणार असेल तर जीएसटीचे नियम वेगळे लागतात, ते आपल्या सीएकडून आधीच समजून घ्या.

कारखानदारांसाठी

फाउंड्रीवाले म्हणतात, ‘आमचं काय दाखवायचं? आमचं गिऱ्हाईक पर्चेस मॅनेजर.’ तोच पर्चेस मॅनेजर लिंक्डइनवर असतो, आणि नवा पुरवठादार शोधताना तुमच्या कंपनीचं नाव टाकून बघतो. तिथं काहीच सापडलं नाही, की तो पुढच्या नावाकडे जातो.

त्याला हवी असते ती माहिती द्या : ओतीव लोखंड कुठल्या प्रकारचं, ग्रे आयर्न की एसजी आयर्न, किती किलोपासून किती किलोपर्यंतचं कास्टिंग (ओतीव भाग), महिन्याची क्षमता, मशिनिंग घरात आहे का, तपासणीची साधनं कोणती, आयएसओ ९००१ किंवा आयएटीएफ १६९४९ हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र आहे का. धातू ओततानाचा व्हिडिओ कुणालाही थांबून बघायला लावतो, पण त्यात कामगाराच्या डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर हेल्मेट आणि पायात बूट दिसलेच पाहिजेत. मोठ्या कंपनीचा माणूस पहिलं तेच बघतो. आणि गिऱ्हाइकाचा पार्ट किंवा ड्रॉइंग त्याच्या लेखी परवानगीशिवाय कधीही दाखवू नका. एका फोटोपायी वर्षानुवर्षांचं काम जाऊ शकतं.

खातं कंपनीचं असावंच, पण मालकानं स्वतःच्या नावानंही लिहावं. सदोष कास्टिंगचं प्रमाण कसं कमी केलं, नवं मशीन का घेतलं, असं महिन्यातून दोनदा. लोक कंपनीच्या चिन्हापेक्षा माणसाशी बोलतात.

इचलकरंजीच्या कापडवाल्यांनी फोटोसोबत पन्हा (कापडाची रुंदी), वजन, काउंट (सुताची जाडी) आणि रीड-पिक (उभ्या-आडव्या धाग्यांची दाटी) लिहिलं, की व्यापाऱ्याचे निम्मे फोन वाचतात.

जाहिरातीला पैसे घालावेत का?

घालावेत, पण सगळ्यात शेवटी. कॅटलॉग भरलेला नाही, उत्तर द्यायला माणूस नाही आणि जाहिरात चालू, असं झालं तर पैसे पाण्यात.

पंधरा-वीस पोस्ट फुकटात करून बघा. ज्या व्हिडिओला आपोआप जास्त लोकांनी बघितलं, पुढे पाठवलं, त्यालाच पैसे लावा. उद्देश निवडताना ‘मेसेज’ किंवा व्हॉट्सॲपवर नेणारा पर्याय घ्या, लाईक वाढवणारा नको. दुकान गावातलं असेल तर परिसर पाच-दहा किलोमीटर ठेवा. पार्सल पाठवत असाल तर पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक अशी मोजकी शहरं निवडा. अख्खा भारत निवडला तर पैसा सगळीकडे थोडा थोडा सांडतो.

मग हिशोब मांडा. समजा, २,००० रुपये घातले, ४० चौकश्या आल्या, ५ ऑर्डर झाल्या. म्हणजे एका ऑर्डरमागे ४०० रुपये गेले. एका जोडामागे तुम्हाला ३५० सुटत असतील, तर तुम्ही दर जोडाला ५० रुपये घरचे घालताय. तोच माणूस पुन्हा मागवणार असेल तर गणित बदलतं. गूळ-मसाल्यात ते बदलतं, चपलेत वर्षाकाठी एखाद्या वेळी. जाहिरात करणारी एजन्सी तुम्हाला ‘एवढ्या लाख लोकांपर्यंत पोहोचलो’ असा अहवाल दाखवेल. तुम्ही ऑर्डर विचारा.

रीलवाल्यांना बोलावून व्हिडिओ करून घ्यायचा असेल तर त्यांचे फॉलोअर मोजण्याआधी कमेंट वाचा. तिथं ‘पत्ता सांगा’ असं विचारणारे लोक आहेत की नुसते बदाम, ते बघा. पैसे किंवा फुकट वस्तू दिली असेल, तर ती जाहिरात आहे असं व्हिडिओत स्पष्ट सांगणं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आवश्यक आहे. लपवू नका, लोक त्याचा राग मानत नाहीत.

वाईट अभिप्राय आला तर

त्याच दिवशी, चारचौघांत, नाव घेऊन उत्तर द्या : ‘ताई, त्रास झाला त्याबद्दल क्षमस्व. नंबर पाठवते, फोटो टाका, बदलून देऊ.’ पुढचं बोलणं फोनवर. तुमचं उत्तर त्या एका ताईंसाठी नसतं, नंतर येऊन वाचणाऱ्या शेकडो लोकांसाठी असतं. ‘तुम्हालाच वापरता येत नाही’ असं एकदा लिहिलंत, की ते कायम तिथं राहतं.

वर्षाचा अंदाज

कोल्हापूरचं वर्ष ठरलेलं आहे, त्याप्रमाणे आधी तयारी करा. नवरात्रात आणि शाही दसऱ्याला बाहेरची गर्दी, दिवाळीत भेटवस्तूंची मागणी, दिवाळी पाडव्यापासून नवा गूळ, मग लग्नसराई, चैत्रात जोतिबा. प्रत्येकाच्या तीन-चार आठवडे आधी पोस्ट सुरू व्हायला हव्यात. पार्सल पोहोचायला वेळ लागतो आणि कारागिराचे हात एका रात्रीत वाढत नाहीत. दिवाळीसाठी ऑर्डर घेण्याची शेवटची तारीख आधीच जाहीर करा आणि ती पाळा.

पावसाळ्यात कोल्हापुरी चप्पल खपत नाही, तर त्या दोन महिन्यांत ती कशी जपायची ते सांगा : पाण्यात घालू नये, भिजली तर उन्हात न टाकता सावलीत वाळवावी, तेलाचा हलका हात फिरवावा. आणि २०१९ किंवा २०२१ सारखा पंचगंगेचा पूर आला, रस्ते बंद झाले, तर पहिल्याच दिवशी ‘पार्सल थांबली आहेत, सगळ्यांचे पैसे सुरक्षित आहेत, रस्ता उघडला की पाठवतो’ असं कळवा. लोक समजून घेतात, फक्त त्यांना कळवायला लागतं.

वही

इन्स्टाग्राम आकडे भरपूर देतं. तरी एक साधी वही घाला : तारीख, नाव, गाव, कुठून कळलं, काय विचारलं, घेतलं का, नाही घेतलं तर का. ‘कुठून कळलं’ हे प्रत्येकाला विचारायचंच. दर रविवारी अर्धा तास ती चाळली, की दिसतं : व्हिडिओ बघून येणारे किती, शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून येणारे किती, पार्सलच्या खर्चामुळे मागे फिरलेले किती. तिसरा आकडा मोठा असेल, तर जाहिरात वाढवून उपयोग नाही, कुरिअरवाल्याशी दराचं बोला किंवा दोन जोडांवर पार्सल फुकट करा.

खातं कुणाच्या नावावर?

पुष्कळ दुकानांची खाती भाच्यानं किंवा एखाद्या एजन्सीनं स्वतःच्या नंबरवर उघडलेली असतात. भाचा नोकरीला बेंगळुरूला जातो, एजन्सीशी बिनसतं, आणि अनेक वर्षांत जमवलेली गिऱ्हाइकं एका पासवर्डामागे अडकतात. इन्स्टाग्राम, फेसबुक पेज आणि गूगल प्रोफाइल मालकाच्या ईमेल आणि नंबरवरच असू द्या. इतरांना काम करण्यापुरता प्रवेश द्या, तो हवा तेव्हा काढून घेता येतो. सगळीकडे दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. ‘तुमच्या खात्यानं कॉपीराइटचा भंग केला आहे, चोवीस तासांत बंद होईल, इथं दाबा’ किंवा ‘निळी खूण मिळवा’ असे निरोप आले तर लिंकवर बोट ठेवू नका. व्हॉट्सॲप बिझनेसचं सिम दुकान किंवा मालकाच्या नावावर घ्या, ते रिचार्ज संपून बंद पडू देऊ नका, आणि चॅटचा बॅकअप रोज रात्री आपोआप होईल असं आजच लावून ठेवा.